कुणाच्या कानाची आई

सांगलीत कोरा आवाज विकत मिळेल असं एकच दुकान उरलं होतं, आणि तेसुद्धा सांगलीत नव्हतं, मिरजेत होतं.

कोरा म्हणजे जसा आहे तसा. यंत्रातून निघाला, हवेतून आला, कानात शिरला; मधे कुणी हात लावला नाही. केतकी मगदूमच्या लहानपणी सगळेच आवाज असे होते, त्यामुळे त्यांना वेगळं नाव असण्याचं कारण नव्हतं. आता बसमधली सूचना, बँकेच्या काचेपलीकडचं बोलणं, दवाखान्यात पुकारलेलं नाव, टीव्हीवरच्या बातम्या, सगळं ‘पूरक’ झालं होतं. ऐकणाऱ्याला जे ऐकू येणार नाही ते पूरक आवाज भरून काढतो. रस्त्यावर आणि कचेऱ्यांत तो माणसाच्या वयावरून ठोकळ अंदाज करी. घरासाठीचे पूरक स्पीकर मात्र त्या त्या माणसाचा कान तपासून, त्याच्या मापाचा आवाज देत. शिंप्यानं माप घेऊन कपडा शिवावा तसं.

बहिऱ्यांसाठी निघालेली सोय. मग ती म्हाताऱ्यांसाठी झाली, मग गोंगाटात राहणाऱ्यांसाठी झाली, आणि गोंगाटात कोण राहत नव्हतं? ‘आवाज वाढव’, ‘आवाज कमी कर’ यावरून घराघरांत होणारी भांडणं बंद पडली. केतकीला त्या भांडणांचीही अधूनमधून आठवण येई. शहात्तराव्या वर्षी माणसाला कशाचीही आठवण येते.

विश्रामबागेतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात ती आणि तिची धाकटी बहीण रेवती अशा दोघीच राहत. केतकीनं लग्न केलं नव्हतं. साखर कारखान्याच्या हिशेब खात्यात नोकरी करून निवृत्त झाली होती. रेवतीचा नवरा गेला तशी ती नागपूरचं घर आवरून अक्काकडे आली. केतकीचे लाकडी खोक्यांचे जुने स्पीकर त्याच सुमारास बंद पडले. आतल्या कागदी पडद्याची कड कुजून गेली होती. दुरुस्तीवाल्यानं खोकी उलटीपालटी करून बघितली आणि म्हणाला, “मावशी, यात आता कुंडी ठेवा.”

कुंडी ठेवून दोन वर्षं झाली. तेवढ्यानं काही अडलं नसतं, पण आईचा पुढचा वाढदिवस आता सहा-सात महिन्यांवर आला होता.

दोघी बहिणींचा एक रिवाज होता. आईच्या वाढदिवसाला त्या खपली गव्हाची खीर करत, आणि ती खीर आई सांगेल तशी करत. रेवती लग्न होऊन नागपूरला निघाली तेव्हा केतकीनं आईला ओट्याशी उभं करून मोबाईलवर तिचं बोलणं भरून घेतलं होतं. गहू किती वेळ भिजवायचे, कांडून सडायचे कसे, गूळ कधी घालायचा, नारळाचं दूध कधी. आई गेल्यावर त्या बोलण्याची किंमत वाढली. दरवर्षी आईचा आवाज स्वयंपाकघरात लागे, आणि ती “आता ढवळ” म्हणाली की त्या दोघी ढवळत. रेवती परगावी होती तेव्हाही खास या दिवसासाठी येई. गेली दोन वर्षं मात्र खीर मुक्यानं झाली. मोबाईलवर लावून बघितलं, तर आजकालच्या मोबाईलचा तो ठोकळ पूरक आवाज. आई हवामानाचा अंदाज सांगितल्यासारखी गहू भिजवायला सांगू लागली. रेवतीनं तो मधेच बंद केला होता.

“आपण चांगले स्पीकर घेऊ अक्का,” रेवती म्हणाली. “फार भारी नकोत. पण बरे.”

“बरे म्हणजे कसे?”

“उंच असतात बघ, जमिनीवर उभे राहणारे.”

“ह्या एवढ्याशा हॉलमध्ये? दोन पाहुणे आलेत आणि बसायला तयार नाहीत असं वाटेल.”

“मग छोटे. फळीवरचे. पण पूरक घेऊया. तुला वरचे स्वर ऐकू येत नाहीत, मला खालचं बोलणं. उगाच कोऱ्याचा हट्ट नको.”

केतकीनं हट्ट केला नाही. हट्ट करायला लागणारा जोर तिच्यात उरला नव्हता. ती एवढंच म्हणाली, “नाझनीनला विचारू.”

डॉ. नाझनीन सतारमेकर ही रेवतीची शाळेतली मैत्रीण. तिचे पणजोबा मिरजेत तंबोरे करत. नाझनीन कानाच्या शास्त्रात शिरली, परदेशात राहिली, आणि ज्या मंडळींनी पूरक आवाजाची युक्ती शोधली त्यांच्यात ती एक होती. निवृत्त होऊन परत आल्यावर भाच्याच्या दुकानात आठवड्यातून दोन दिवस बसे. लोक स्पीकर घ्यायला येत, ती त्यांना समजावून सांगे. कित्येकदा समजावल्यावर लोक काही न घेता जात. भाचा तिच्यावर वैतागलेला असे, पण आत्याला बोलणार कोण?

दुकानाच्या मागच्या बाजूला ऐकण्याची खोली होती. जाड पडदे, जमिनीवर सतरंजी, एक दिवाण, आणि समोर उंच स्टुलांवर स्पीकरांच्या जोड्या. नाझनीननं त्यांना दिवाणावर बसवलं, चहा सांगितला आणि रेवतीला म्हणाली, “केस रंगवायचं सोडलंस वाटतं.”

“कुणासाठी रंगवू?”

“मी बघतेय की. माझ्यासाठी रंगव.” मग केतकीकडे वळून, “बोला अक्का. खोली किती मोठी?”

खोली सांगून झाली, सोफा कुठे आहे ते सांगून झालं. नाझनीननं सांगितलं की स्पीकर भिंतीला चिकटवून ठेवायचे नाहीत, नाहीतर आवाज घुमतो. बसल्यावर कान असतात त्या उंचीवर ठेवायचे. दोघांमध्ये जेवढं अंतर, तेवढ्याच अंतरावर आपण बसायचं. केतकी मान हलवत राहिली. हे सगळं तिला तिच्या वडिलांनी साठ-पासष्ट वर्षांपूर्वी जवळजवळ याच शब्दांत सांगितलं होतं. इतकं सगळं बदललं आणि भिंत तेवढी भिंतच राहिली, याचं तिला बरं वाटलं.

“आता तुमच्या बजेटात तीन प्रकार आहेत असं म्हणणार होते, पण दोनच आहेत,” नाझनीन म्हणाली. “घरातल्या प्रत्येकाच्या अंगावर वेगळा आवाज टाकणारे स्पीकर असतात, ते सोडून द्या. त्या पैशात मिरजेत जागा येते. राहिले हे. ह्या जोडीला एकच कान जोडता येतो. त्याला कानजोड म्हणतात. एका माणसाच्या कानाचं माप घ्यायचं, आणि मग खोलीत सगळ्यांना त्या एकाच्या कानाचा आवाज ऐकू येणार. आणि ती पलीकडची छोटी जोडी कोरी आहे. आता त्या करतच नाही कुणी. जुना माल आहे.”

“एकच कान म्हणजे हिचा का माझा?” रेवतीनं विचारलं.

“ते तुम्ही ठरवा.”

“पण माप कसलं घेता?” केतकी म्हणाली. “मला बारीक ऐकू येत नाही, तर बारीक मोठं करायचं. त्यात जोडण्यासारखं काय आहे?”

हा प्रश्न गिऱ्हाईक सहसा विचारत नसे. नाझनीन खुर्ची ओढून समोर बसली.

“अक्का, जिना उतरताना अजून एक पायरी आहे असं समजून आपण पाऊल टाकतो आणि पायरी नसते. तेव्हा कसं दचकायला होतं?”

“होतं.”

“कारण आपला पाय पायरीवर आधीच पोचलेला असतो. मेंदूनं पायरी ठरवून टाकलेली असते. कानाचंही तसंच आहे. कान आवाजाची वाट बघत बसत नाही. पुढं काय ऐकू येणार ते मेंदू आधी ठरवतो आणि कानाला हुकूम देतो, की तयार राहा, आता असा आवाज येणार. त्या हुकमानं कानाच्या आतल्या बारीक पेशी हलतात, आणि त्यांच्या हलण्यानं कान स्वतःच एक बारीकसा आवाज करतो.”

“कान आवाज करतो?”

“करतो की. ते आपल्या जन्माआधीपासून माहीत आहे. तान्ह्या मुलाला ऐकू येतंय का हे तपासतात ते त्याच्यावरूनच. आमच्या लोकांनी पुढचं शोधलं. त्या आवाजात मेंदूचा हुकूम वाचता येतो. म्हणजे माणूस काय ऐकण्याची अपेक्षा करतोय, ते तो ऐकण्याआधी कळतं. त्या थरथरीला आम्ही ‘अपेक्षास्पंद’ नाव दिलं. आता जुनं रेकॉर्डिंग असतं, त्यात निम्मा आवाज भरलेलाच नसतो. आमचं यंत्र कानाची अपेक्षा वाचतं आणि रिकाम्या जागा तिनं भरतं.”

“म्हणजे मला जे वाटतं तेच ते ऐकवतं.”

“शब्द बदलत नाही. सूरही बदलत नाही. जिथं काही नाही तिथं फक्त भरतं. श्वास, गळ्यातला ओलावा, शब्दाच्या शेवटी आवाज कुठं पडतो ते. आमच्या घरच्या तंबोऱ्यात गांधाराची तार नसायची, पण तारेखालचा दोरा सरकवून जवारी नीट लागली की गांधार ऐकू यायचा. तारेत तो असतो, चिमूटभर. त्याचा मूठभर कान करतो.”

“तुझ्या पणजोबांनी तंबोऱ्याबरोबर कान विकला नाही कधी,” केतकी म्हणाली.

नाझनीन हसली. “म्हणून तर दुकान भाच्याचं आहे.”

थोरली म्हणून केतकी आधी बसली. त्यांच्या घरात सगळं थोरलीपासून सुरू होई, जेवायचं ताटसुद्धा. नाझनीननं ज्वारीच्या दाण्याएवढं काहीतरी तिच्या कानात ठेवलं आणि त्यांनी मोबाईलमधून आणलेलं आईचं बोलणं हळू आवाजात दोनदा लावलं. दाण्यानं काय टिपलं ते केतकीला कळलं नाही. मग नाझनीननं दाणा काढला, स्पीकर जोडले, आणि म्हणाली, “आता ऐका.”

“गहू रात्रभर भिजव,” आई म्हणाली.

ती खोलीत होती. स्पीकरांत नव्हती, दोहोंच्या मधे, पडद्याच्या जरा अलीकडे, ओट्याला टेकून उभी होती. दोन वाक्यांच्या मधे ती श्वास घेत होती आणि तो श्वास पुरत नव्हता. “ढवळत राहायचं. हात थांबवायचा नाही. दुखला तरी.” शब्द संपता संपता आवाज खाली बसत होता, पाटी उतरवून ठेवावी तसा. मग ते वाक्य आलं, जे दर वर्षी येई: “दमले गं बाई आज.”

केतकीनं डोळे मिटले. माधवनगरचा त्यांचा हातमाग विकला गेला आणि वडील आजारी पडून घरी बसले, तेव्हा ती नऊ वर्षांची होती. रेवती पाळण्यात होती. आई हळदीच्या वखारीत निवडायला जाई. संध्याकाळी येई तेव्हा मनगटापर्यंत हात पिवळे, भुवयांवर पिवळी भुकटी. दारातच भिंतीला पाठ टेकून बसे आणि केतकीकडे बघून म्हणे, दमले गं. केतकी पाणी देई. आई ते लगेच पीत नसे. हातात धरून बसे. ती वर्षं संपली, वडील उठले, वह्या-पुस्तकांचं दुकान निघालं, बरे दिवस आले. पण आईच्या आवाजाच्या तळाशी ती वखार शेवटपर्यंत राहिली. निदान केतकीला ती तिथं ऐकू येई.

“बंद कर,” रेवती म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. “नाझ, ही आई नाही. ही कोण रागावलेली बाई लावलीस?”

“रागावलेली नाही गं,” केतकी म्हणाली.

“मग काय आहे? आमची आई अशी कधी बोलली का? जीव नकोसा झाल्यासारखी?”

नाझनीननं दुसरा दाणा काढला आणि रेवतीचा कान जोडला.

“गहू रात्रभर भिजव,” आई पुन्हा म्हणाली. शब्द तेच, वेग तोच. पण ही बाई बोलता बोलता ओठांत हसत होती. मागं बांगड्या वाजत होत्या. “हात थांबवायचा नाही, दुखला तरी,” असं ती लेकीला चिडवत होती. “दमले गं बाई आज,” हे तर तिनं फुगडी खेळून आलेल्या मुलीसारखं म्हटलं. तोंड भरून म्हटलं.

रेवती रडत होती आणि हसत होती. “ही,” ती म्हणाली. “ही आई.”

केतकीनंही ऐकलं. वाईट याचं होतं की तिला बरं वाटलं. खूप दिवस डोक्यावर असलेलं काहीतरी कुणी उचलून घ्यावं तसं वाटलं. ही बाई कधी वखारीत गेली नव्हती. हिला पाणी द्यायला लागत नव्हतं.

“आणि कोरे?” तिनं विचारलं. “ते लाव की एकदा.”

नाझनीननं लावले. टिनाच्या डब्यातून यावा तसा एका बाईचा आवाज आला. गहू, गूळ, दूध. ती दमली होती की हसत होती, काहीच कळत नव्हतं.

“असं कसं?” रेवती म्हणाली. “अक्काचे जुने स्पीकर कोरेच होते ना? त्यावर आई चांगली ऐकू यायची.”

“यायची, कारण भरायचं काम तेव्हा तुम्ही करत होता,” नाझनीन म्हणाली. “हिनं आपलं भरलं, तू तुझं भरलंस. शेजारी शेजारी बसून तुम्ही इतकी वर्षं दोन वेगळ्या आया ऐकत होता, आणि ते कळायला मार्ग नव्हता. आता बसपासून बँकेपर्यंत सगळं भरूनच मिळतं, म्हणून कान आळशी झाले. सहा-आठ महिने शांत बसून कोरं ऐकलं तर परत येतंय कधीकधी. तुमच्या वयाला सांगता येत नाही.”

“सहा-आठ महिने कोण कान शिजवत बसणार,” केतकी म्हणाली.

रेवती डोळे पुसायला नळाकडे गेली, तेव्हा नाझनीन केतकीच्या शेजारी येऊन बसली.

“अक्का, एक सांगायला पाहिजे. हे मी सगळ्यांना सांगते म्हणून भाचा ओरडतो. कानजोड मुरते. म्हणजे दुसऱ्याच्या कानाचा आवाज रोज ऐकलात, तर तुमचा मेंदू तीच अपेक्षा शिकतो. चार-सहा महिन्यांत तुमचा अपेक्षास्पंद तिच्यासारखा होतो.”

“मग पुन्हा माझा कान जोडायचा.”

“जोडा की. यंत्र लगेच बदलतं. पण तोवर तुमचा कान तुमचा राहिलेला नसतो. तो तिचाच निघतो.” नाझनीननं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. “माझ्या नवऱ्याचं बोलणं आमच्याकडे मुलाच्या कानानं लावलेलं असायचं. आमचं फार काही चांगलं नव्हतं, तुम्हाला माहीत आहे. आता मला ते आठवतात ते मुलाच्या बापासारखे. प्रेमळ. मी का वेगळी झाले होते ते मला कारणांसकट सांगता येतं, पण ऐकू येत नाही.”

“मग तुला सुख झालं की.”

“झालं,” नाझनीन म्हणाली. “तेच तर मला खुपतंय.”

केतकीनं चहाचा कप खाली ठेवला. रेवतीचा कान घरी नेला तर ती वखारीतली आई जाणार. ती आई बघितलेली माणसं आता कुठं होती? वडील गेले, मामा गेला, वखारीतल्या बाया गेल्या. रेवती पाळण्यात होती. जगात ती एकच जागा होती जिथं आई अजून दमलेली होती, आणि ती जागा केतकीच्या कानात होती. स्वतःचा कान घरी नेला तर रेवतीची हसणारी आई जाणार. आणि रेवतीकडे आता दुसरं होतं काय? नवरा नाही, नागपूरचं घर नाही. तिला दररोज ती ‘रागावलेली बाई’ ऐकवायची?

असं तिनं स्वतःला समजावलं, आणि त्यात खोटं काही नव्हतं. पण त्याच्या खाली आणखी एक गोष्ट होती आणि ती तिला माहीत होती. पासष्ट वर्षं ती आईला पाणी देत आली होती. आता तिचाही हात दुखत होता.

रेवती परत आली. “अक्का, तुझा कान जोडू. तू थोरली. मला सवय होईल.”

“नको,” केतकी म्हणाली. “तुझाच जोडू दे. माझ्या कानात आता काय राहिलंय.”

नाझनीननं तिच्याकडे एकदा बघितलं आणि बिल करायला उठली.

स्पीकर फळीवर बसले. भिंतीपासून हातभर पुढं, सोफ्यावर बसल्यावर कानाच्या उंचीला. रेवतीनं ते रोज लावायला सुरुवात केली. वाढदिवसाची वाट कशाला बघायची, असं तिचं म्हणणं. सकाळी चहाबरोबर आई, दुपारी भाजी निवडताना आई. पहिले काही दिवस केतकी आतल्या खोलीत जाऊन बसे आणि मनातल्या मनात ते वाक्य आपल्या आईच्या आवाजात म्हणून बघे, पाढे विसरू नयेत म्हणून म्हणतात तसं. ते जमे. मग एकदा तिला ताप आला, आठवडाभर उठवेना, आणि पडल्या पडल्या तो हसरा आवाज ऐकायला बरा वाटला. नंतर ती आत जाईनाशी झाली. बाहेर रेवतीशेजारी बसू लागली. दोघी मिळून आईवर हसत. किती वर्षांत त्या दोघी अशा एका गोष्टीवर एकदम हसल्या नव्हत्या.

उन्हाळा संपता संपता एका संध्याकाळी केतकीला माधवनगरचं घर आठवलं. असं ते कधीही आठवे. दार, दाराशी आई, मनगटापर्यंत पिवळे हात, भुवयांवर भुकटी. सगळं जागच्या जागी होतं. आई भिंतीला पाठ टेकून खाली बसली, नऊ वर्षांच्या केतकीकडे तिनं बघितलं, आणि फुगडी खेळून आलेल्या मुलीसारखी हसून म्हणाली, “दमले गं बाई.”

केतकी ताठ बसली. तिनं ती आठवण मागं नेली आणि पुन्हा लावून बघितली. आई पुन्हा हसली. पाण्याचा पेला हातात तसाच धरून ती हसत होती, आणि आता तो पेला ती का पीत नव्हती ते कळत नव्हतं. केतकीनं वखारीचा वास आठवला, पायरीवरच्या चपला आठवल्या, वडिलांचं कण्हणं आठवलं. आई दमलेली असायची, हे तिनं शब्दांत स्वतःला सांगितलं. ते खरं होतं हे तिला ठाऊक होतं, जसं एखाद्या राजाचं सन-सालासकट ठाऊक असतं. पण तो आवाज कुठंच नव्हता.

रेवतीला तिनं सांगितलं नाही. सांगून काय सांगणार? आणि ज्याला सांगायचं त्याला ते ऐकू आलं पाहिजे.

आईचा वाढदिवस आला. गहू रात्री भिजले, सकाळी सडले, मोठ्या पातेल्यात रटरटू लागले. आई हॉलमधून सांगत होती आणि रेवती सोफ्यावर बदाम सोलत बसली होती. नारळाचं दूध पडलं की खीर जड होते. केतकी ढवळत होती. खांद्यातून एक कळ निघून कोपरापर्यंत येत होती, आणि आज ती छातीतही थोडी रेंगाळल्यासारखी वाटली. तिनं पळी दुसऱ्या हातात घेतली. थोडा वेळ गेला. मग तिनं हाक मारली, “रेवती, जरा इकडं ये गं. आता माझ्यानं होत नाही.”

हॉलमधून रेवती खळखळून हसली.

“काय गोड म्हणालीस अक्का,” ती तिथूनच म्हणाली. “हुबेहूब आई. मला वाटलं तीच बोलली.” आणि बदाम सोलत राहिली.

केतकी ओट्याला टेकली. तिला पुन्हा हाक मारायची होती, नीट, कळेल अशी. तिनं श्वास घेतला. “अगं, खरंच होत नाही,” ती म्हणाली, आणि ते म्हणत असताना तिनं स्वतःचा आवाज ऐकला. तो हसत होता.